म्युझिक व्हिडिओ : संकेत, सिद्धान्त आणि एक फसलेली यादी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, ‘तत्त्वज्ञान सोडून हे कुठे निघालात?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर कान्ट आणि न्यायदर्शन शिकवलं. म्युझिक व्हिडिओ हा काही आमचा प्रांत नव्हे. पण निवृत्तीनंतर माध्यमांचा अभ्यास करणारी चार मुलं आमच्याकडे आली. परीक्षेसाठी त्यांना एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता आणि सोबत टिपण द्यायचं होतं : कुठला सिद्धान्त वापरला, गाण्याच्या शैलीचे कोणते संकेत पाळले. ‘सर, थिअरी तेवढी समजावून द्या,’ एवढीच मागणी. आम्ही ती समजावली, आणि समजावताना एक चूक केली. तो सिद्धान्त आणि ती चूक, दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी म्युझिक व्हिडिओ म्हणजे काय, ते पाहू. आपल्या पिढीने ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ पाहिलेले आहेत. तिथलं गाणं सिनेमातून काढलेलं असायचं. नायिका का रडते आहे, हे गाण्याबाहेरच्या कथेत असायचं. म्युझिक व्हिडिओला अशी बाहेरची कथा नसते. गाणं स्वतंत्रपणे तयार झालेलं असतं, त्याला नंतर चित्र जोडायचं असतं, आणि तीन-चार मिनिटांत माणसं, जागा, प्रसंग उभे करून आवरायचे असतात.

हा प्रकार गरजेतून वाढला. 1975 साली क्वीन या ब्रिटिश बँडने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी ब्रूस गॉवर्स यांच्याकडून एक फिल्म करून घेतली. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये जाऊन रेकॉर्डवर नुसते ओठ हलवावे लागू नयेत, हे त्यामागचं एक साधं कारण. 1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि दिवसभर फक्त अशाच फिल्म दाखवणारी वाहिनी आली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांबरोबर ही लाट पोचली. अलिशा चिनॉय यांचं 1995 चं ‘मेड इन इंडिया’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आता सिद्धान्त. अँड्र्यू गुडविन यांचं ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ हे पुस्तक 1992 मध्ये आलं. ब्रिटनमध्ये मीडिया स्टडीज शिकवताना त्याचा सारांश सहा मुद्द्यांत करतात, आणि ती यादी नेटवरून आपल्या मुलांपर्यंतही आलेली आहे. एक, प्रत्येक संगीतशैलीचे दृश्य संकेत ठरलेले असतात. दोन, शब्द आणि चित्र यांचं काही नातं असतं. तीन, संगीत आणि चित्र यांचं नातं असतं. चार, रेकॉर्ड कंपनीला कलाकाराचा चेहरा विकायचा असतो, म्हणून क्लोज-अप भरपूर असतात आणि कलाकाराची एखादी खूण वारंवार येते. पाच, ‘पाहणं’ हाच एक विषय असतो : कोण कुणाकडे पाहतं, विशेषतः स्त्रीच्या शरीराकडे. सहा, इतर सिनेमांचे, व्हिडिओंचे, कार्यक्रमांचे संदर्भ येतात.

यादी सोपी आहे, पाठ होते. तिच्यात एक गोम मात्र आहे. गुडविन यांचा मूळ आक्षेप असा होता, की अभ्यासक म्युझिक व्हिडिओकडे जणू आवाज बंद करून पाहतात, सिनेमाची मोजपट्टी लावतात आणि संगीत विसरतात. सुरुवात गाण्यापासून करा, असं त्यांचं सांगणं. यादीत संगीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि पुस्तकाचं म्हणणंच यादीतून निसटलं.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबू, कारण तत्त्वज्ञानाचं इथे खरंच काम आहे. शब्द आणि चित्र यांचं नातं गुडविन तीन प्रकारचं मानतात. पहिल्यात चित्र शब्दांचंच वर्णन करतं : शब्दात पाऊस, पडद्यावर पाऊस. दुसऱ्यात चित्र शब्दांत नसलेलं काही घालतं आणि अर्थ वाढवतं. तिसऱ्यात चित्र शब्दांपासून फारकत घेतं, कधी उलटच बोलतं. आपल्या साहित्यशास्त्राची आठवण इथे होतेच. पहिल्यात अभिधा आहे, दुसऱ्यात व्यंजना. तिसऱ्यासाठीही आनंदवर्धनांच्या ‘ध्वन्यालोका’त जागा आहे. वाच्यार्थ ‘फिर’ असा आणि ध्वनित अर्थ ‘फिरू नकोस’ असा, याचं उदाहरण ते देतात. ही जोडणी तंतोतंत नाही, पण विचार ओळखीचा आहे.

यातलं कुठलं नातं बरोबर? प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये सांगून टाकलं होतं, की सूर आणि लय यांनी शब्दांच्या मागून चालावं. एदुआर्द हान्सलिक या समीक्षकाने 1854 मध्ये या समजुतीला धक्का दिला. ग्लुक यांच्या ‘ऑर्फिओ’ या ऑपेरातलं पत्नीवियोगाचं प्रसिद्ध गाणं त्याने घेतलं आणि म्हटलं, की याच चालीवर पत्नी परत मिळाल्याचा आनंद सांगणारे शब्द बसवले तरी ते तितकेच शोभतील. चाल दुःखाची आहे की आनंदाची, हे आपण शब्दांमुळे ठरवतो. हीच गोष्ट एक पायरी पुढे न्या. शब्द जसे सुराचा अर्थ ठरवतात, तसं चित्र शब्दांचा अर्थ ठरवतं. ‘तू गेलीस’ एवढंच गाण्यात असेल, तर ती फसवून गेली, मरण पावली, की नोकरीसाठी गावी गेली, हे कॅमेरा ठरवतो. व्हिडिओ करणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, ते पाहा.

आता शैलीचे संकेत. रॉक म्हटलं की बँड वाजवताना दिसतो, गिटारवरची बोटं, ड्रमवर आपटणाऱ्या काठ्या. डान्स-पॉपमध्ये रांगेतला समूहनाच आणि बदलते पोशाख. रॅपमध्ये गल्ली, मागे उभे दोस्त, खालून लावलेला कॅमेरा, आणि थेट कॅमेऱ्यात बघून बोलणारा रॅपर. पण ‘रॅप व्हिडिओ’ची व्याख्या करा म्हटलं तर पंचाईत होते, कारण यातली एकही गोष्ट सगळ्या रॅप व्हिडिओंत सापडत नाही. विट्गेन्स्टाइनने ‘खेळ’ या शब्दाबद्दल हेच दाखवलं होतं. सगळ्या खेळांत समान असा एक गुण नाही. एका घरातल्या माणसांत कुणाचं नाक जुळतं, कुणाची चाल जुळते, तसं हे साम्य असतं. स्टीव्ह नील या अभ्यासकाने शैलीबद्दल पुढचं सांगितलं : शैली पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर जगते. नुसती पुनरावृत्ती कंटाळवाणी, नुसता फरक अनोळखी.

आणि संकेतामागे कारण असतं. रॅपमधली गल्ली तिथे का आली? ‘मी इथला आहे’ असा दावा गाण्यात असतो, त्याचा पुरावा म्हणून. डिव्हाइन आणि नेझी यांचं 2015 चं ‘मेरे गली में’ मुंबईच्या गल्ल्यांत चित्रित झालं, ते याच दाव्यापायी. क्लोज-अप आले कारण चेहरा विकायचा होता. मग ज्या विद्यार्थ्यांच्या मागे कुठलीही कंपनी नाही, त्यांनी क्लोज-अप का घ्यायचा? घेऊ नये असं नाही. पण त्यांना स्वतःचं कारण शोधावं लागेल. हे आम्ही मुलांना सांगायला हवं होतं. आम्ही सहा मुद्दे सांगितले आणि चहा पाजून पाठवलं.

गाणं त्यांच्याच एका मित्राचं होतं, त्यामुळे परवानगीची अडचण नव्हती. रॅप, विषय प्रेमभंगाचा. तीन आठवड्यांनी चौघं लॅपटॉप घेऊन आमच्या दिवाणखान्यात आली. सहाही मुद्दे हजर. गल्ली होती, दोस्त होते, खूण म्हणून काळी टोपी होती, एका सिनेमाचा संदर्भही होता. आणि पाचव्या मुद्द्यासाठी त्यांच्यातलीच एक मुलगी होती. तिचे घोटे, केस, कंबर, पाठ. चेहरा दोनदा, तोही अर्धवट. व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, ‘सर, ह्यात मी कुठे आहे?’

आम्ही काय उत्तर दिलं, ते सांगायला आजही जड जातं. आम्ही म्हणालो, ‘पाचव्या मुद्द्याचं उदाहरण म्हणून चांगलं आहे.’

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाकीच्यांना कळवलं, की हा व्हिडिओ माझ्यासकट द्यायचा नाही. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

त्या पाचव्या मुद्द्यामागे लॉरा मल्व्ही यांचा 1975 चा एक प्रसिद्ध निबंध आहे. सिनेमातला कॅमेरा पुरुषाच्या नजरेने पाहतो, स्त्रीला पाहण्याची वस्तू करतो, असं त्यात मांडलं आहे. मल्व्हीबाईंनी जे आरोपपत्र म्हणून लिहिलं, ते आम्ही पाककृतीत घातलं. चिमूटभर मीठ, चिमूटभर नजर. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कान्टचं सूत्र आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, आणि समोर सोफ्यावर बसलेल्या मुलीला ते लागू होतं हे आम्हाला दिसलं नाही. तिची आम्ही माफी मागितली. फोनवर नाही, समक्ष.

मग चौघांना पुन्हा बसवलं. या वेळी यादी बाजूला ठेवली आणि गाणं सहा-सात वेळा नुसतं ऐकलं. ती मुलगीच म्हणाली, ‘ही का गेली, ते गाण्यात कुठेच नाही.’ हान्सलिकचा धडा तिने त्याचं नावही न ऐकता सांगितला. तिने सुचवलं, की मुलगी एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहते आहे, हातात नेमणुकीचं पत्र आहे. रॅपर आपल्या गल्लीत तक्रार करतो, आणि चित्र मात्र दाखवतं की जाणाऱ्या माणसालाही तिचं कारण आहे. शब्द एकीकडे, चित्र दुसरीकडे. ही गुडविन यांची फारकतच, पण आता ती गाण्यातून निघालेली होती.

गल्ली तशीच राहिली, खालचा कॅमेरा राहिला. व्हिडिओ रॅपचाच वाटला पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला कळणार कसं की काहीतरी बदललं आहे? नजरेचा मुद्दाही राहिला, फक्त उलटा झाला. शेवटच्या ध्रुवपदाला ती एकदाच कॅमेऱ्यात पाहते. हा उलटा प्रकारही नवा नाही. ‘मेड इन इंडिया’मध्ये निवड करणारी अलिशा आहे आणि पेटीतून निघून पाहिला जाणारा मिलिंद सोमण.

कामाची बाजूही सांगतो, कारण मुलं हे व्याख्यान त्यासाठीच ऐकत असतील. गाणं 200 सेकंदांचं, मिनिटाला 90 ठोके. म्हणजे एकूण 300 ठोके, चार-चारचे 75 गट. पहिल्या व्हिडिओत साधारण दर दुसऱ्या ठोक्याला कट होता. त्याने लय पकडल्यासारखी वाटते, पण दहा सेकंदांत डोळा थकतो, कारण चित्र फक्त ढोलाची नक्कल करत राहतं. दुसऱ्या वेळी त्यांनी गाणं कागदावर मांडलं : वर सेकंद, खाली शब्द, त्याखाली वाद्यं, सगळ्यात खाली चित्र. कडव्यात दोन-दोन गटांना एक शॉट, ध्रुवपदात गतीने. ध्रुवपद तीनदा येतं, म्हणून स्टँडवरचा एकच शॉट तीनदा आला, दर वेळी थोडा पुढे सरकलेला : आधी रिकामा फलाट, मग गाडी, मग खिडकीत ती. पुनरावृत्ती आणि फरक, नील यांचं सूत्र असं हातात येतं. ओठ जुळावेत म्हणून गल्लीत स्पीकरवर मोठ्याने गाणं लावून प्रत्येक कोनातून ते सबंध गाऊन घेतलं. हे कष्टाचं आहे, पण संकलनाच्या वेळी वाचवतं.

गुण फार वरचे नव्हते. दोन जागी जोड कच्चा होता आणि परीक्षकांनी तो बरोबर पकडला. पण शेवटच्या नामावलीत चारही नावं होती, आणि चौथं नाव तिने राहू दिलं.

तेव्हा व्हिडिओ करायला निघालेल्या मुलांना आमचं सांगणं इतकंच. यादी जरूर पाठ करा, पण चित्रीकरणाआधी तिच्यातल्या प्रत्येक मुद्द्याचा प्रश्न करा. हा संकेत मुळात कशासाठी आला? आपल्या गाण्यात त्याचं काय काम? आणि कॅमेऱ्यासमोर जो उभा राहणार आहे, त्याला तो मान्य आहे का? तिसरा प्रश्न गुडविन यांच्या यादीत नाही. तो आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवला, जरा उशिरा.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.