नेत्रवेधाच्या जखमांच्या प्रायोगिक प्रतिकृती

अणकुचीदार वस्तू डोळ्यात शिरली असता दोन भिन्न घटना घडतात. पहिली क्षणात संपते: टोक नेत्रगोलाचे आवरण भेदते. दुसरी कित्येक आठवडे चालते, व जखम भरून येण्याच्या क्रियेतच दृष्टी गमावली जाऊ शकते. या दोहोंसाठी एकच प्रतिकृती पुरी पडत नाही, हे प्रयोगाची आखणी करताना पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

पहिल्या घटनेसाठी बहुधा कत्तलखान्यातून आणलेला डुकराचा डोळा वापरतात. आकारमानाने तो मानवी डोळ्याच्या जवळपास असतो. मात्र त्याचे स्वच्छमंडल, म्हणजे दर्शनी पारदर्शक पटल, अधिक जाड असते. मानवी स्वच्छमंडलाची मध्यभागी जाडी सुमारे ०.५ मिमी. भरते. डोळा ताजा हवा, आणि जनावर कढत पाण्यात घालण्यापूर्वीच काढलेला हवा. एरवी स्वच्छमंडल गढुळते.

खरी अडचण दाबाची आहे. जिवंत डोळ्यातील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिमी. इतका असतो, मृत डोळ्यात तो घटतो. अशा मऊ पडलेल्या डोळ्यावर सुई टेकविली तर आवरण भेदले न जाता आत दबत जाते, आणि मोजलेले बल आवरणाच्या चिवटपणाचे न राहता त्याच्या ढिलेपणाचे ठरते. यावरील उपाय साधा आहे. मिठाच्या द्रावणाची बाटली डोळ्याहून सुमारे २० सेंमी. उंच टांगून बारीक सुईने जोडली, की १५ मिमी. दाब मिळतो. परंतु जखमेतून होणारी गळती अभ्यासावयाची असेल, तर वेधापूर्वी तोटी बंद करावयास हवी. नाहीतर बाटली तूट भरून काढीत राहते, आणि जखमी डोळ्याला तर अशी बाटली लाभत नाही. वेधाचा वेगही नोंदला पाहिजे, कारण आवरणाचा प्रतिसाद वेगानुसार पालटतो. टोकाचा आकार वा वेग यांविषयीच्या प्रश्नांसाठी जिवंत प्राणी वापरण्यास, आमच्या मते, समर्थन नाही.

दुसऱ्या घटनेपुढे मात्र मृत डोळा निरुत्तर होतो. क्लिअरी व रायन यांनी ऱ्हीसस माकडांवरील आपले प्रयोग १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. डोळ्याच्या मागील भागातील जखमेबरोबर काचाभ द्रवात त्याच प्राण्याचे रक्त सोडले असता जालपटल ओढले जाऊन सुटते, असे त्यांत दिसून आले. जखमेच्या कडेने आत वाढणाऱ्या पेशी तंतुमय पडदे बनवितात, आणि हे पडदे आकसत जाऊन जालपटलास खेचतात. मृत डोळ्यात तेच रक्त नुसते साकळून पडून राहते.