रंगाच्या पाण्यावर उन्हाचा उतारा

आमच्या दुकानातला माल इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीकडून रंगून येतो. म्हणून रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्न तिकडचा, असे बीडच्या आम्हा कापड व्यापाऱ्यांना वाटते. पण ओढण्या, अस्तर, फेटे मॅचिंग करून देणारे रंगारी इथेही आहेत. त्यांच्या हौदातले पाणी नालीतून बिंदुसरेत आणि पुढे सिंदफणेत जाते. सिंदफणेवरच माजलगावचे धरण आहे, आणि शहराच्या नळाला तिथलेच पाणी येते!

कापूस रंगवताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. रिॲक्टिव्ह रंगाचा निदान दहावा हिस्सा, काम कच्चे असेल तर त्याच्या कितीतरी पट, धुण्याच्या पाण्यात सुटतो. हा रंग पक्का असतो, म्हणूनच नदीतही लवकर मोडत नाही.

या पाण्यावर उन्हाचा इलाज चालतो. टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढऱ्या ऑइलपेंटमधली ओळखीची पावडर. १९७२ साली जपानचे फुजिशिमा व होंडा यांनी दाखवले की प्रकाश पडला की हा पदार्थ पाणी फोडतो. पुढे हाच गुण सांडपाण्यासाठी वापरण्यावर जगभर काम झाले, मुंबईच्या यूडीसीटीतही झाले. पावडर नॅनो आकाराची, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या वीस-पंचवीस भागांएवढा कण. अशा एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो. गजाच्या हिशेबात आमचे अख्खे दुकान झाकेल! कणावर ऊन पडले की अतिशय तिखट असे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि रंगाचा रेणू तोडतात.

ऊन बीडला कमी नाही. पाणी मात्र कमी आहे. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? धुण्याचे पाणी पुन्हा वापरता आले तर टँकरचा खर्च वाचेल, हा आमच्या दृष्टीने खरा फायदा.

तरीही रंगारी बांधवांनी घाईने पैसे घालू नयेत. ही पावडर उन्हातला फक्त अतिनील भाग घेते, तो जेमतेम चार-पाच टक्के. गडद पाण्यात तर ऊन खाली उतरतच नाही. म्हणून पहिल्या काळ्याभोर पाण्याला नव्हे, शेवटच्या फिक्या पाण्याला, उथळ पत्र्यात हा इलाज करावा. बारीक कण पाण्यातून परत काढणे कठीण, त्यामुळे पावडर काचेवर किंवा फरशीवर बसवलेली बरी.

सर्वांत मोठी अडचण मिठाची. पाणी पारखताना रंग, वास आणि चव पाहावी, हे आमच्या मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. ही पावडर रंग घालवते, चव तशीच राहते. गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ पडते. नदीत सोडायच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगशाळांच्या खारट पाण्याने नोय्यल नदी नासली, शेती गेली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगशाळा बंद करायला लावल्या. पाणी पांढरे दिसले म्हणजे काम झाले, असे समजणारा तिथे वाचला नसता. मीठ काढायला आरओ आणि आटवणी लागते. तो खर्च एकट्या रंगाऱ्याच्या आवाक्यातला नाही, चार-सहा जणांनी मिळून सोसावा लागेल.

कोणी विक्रेता निळ्या पाण्याची बाटली घेऊन आला तर आपल्याच हौदातले शेवटचे पाणी तीन बाटल्यांत भरावे. एकीत पावडर घालून उन्हात ठेवावी, दुसरी पावडरीशिवाय उन्हात, तिसरी पावडर घालून अंधारात. काही रंग नुसत्या उन्हानेच उडतात, काही पावडरीला चिकटून तळाशी बसतात, आणि दोन्ही वेळा पाणी स्वच्छ दिसते. पहिल्या बाटलीचा फरक खरोखर वेगळा दिसला, तरच ते पाणी सीओडी आणि क्षार तपासायला प्रयोगशाळेत न्यावे. पैसे त्यानंतर.