परमुलुखांतील महागाई आणि घरचा हिशेब



मुलगा अगर मुलगी परदेशीं नोकरीस निघाली कीं घरांत पहिला गुणाकार सुरू होतो. पगार इतके पौंड, एका पौंडाचे रुपये इतके, म्हणजे महिन्याची प्राप्ति अमुक लाख! हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथील पालक असे कागद घेऊन माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे येतात आणि हिशेब बरोबर आहे ना, असें विचारतात. गुणाकार बहुधा बिनचूक असतो. चूक असते ती उदाहरणाच्या मांडणींत. ही चूक कागदापुरती राहत नाहीं. त्या आकड्याच्या भरंवशावर कोणी शेत गहाण टाकतो, कोणी धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडतो. म्हणून आज या हिशेबाचाच थोडा विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, जो पौंडांत मिळवितो तो जेवतोहि पौंडांतच आणि भाडेंहि पौंडांतच भरतो. यास्तव सबंध पगाराला रुपयांनीं गुणणें व्यर्थ होय. तिकडील कर, भाडें, वीज, प्रवास व जेवण वजा जातां जी शिल्लक घरीं पाठवितां येईल, तेवढीच गुणावी. उलटपक्षीं, विद्यार्थी इकडून कर्ज काढून जात असेल तर त्याचा प्रत्येक खर्च, चहाच्या पेल्यापर्यंत, रुपयांत मांडलाच पाहिजे. कारण तो रुपयांतच फेडावयाचा आहे. मिळवित्याची शिल्लक गुणावी आणि शिकणाऱ्याचा खर्च गुणावा, एवढा नियम ध्यानांत ठेविला तरी अर्धा घोटाळा मिटतो.

आतां, महाग शहर महाग कां असतें? धान्य, तेल, कापड हा माल गाडींतून वा जहाजांतून पाहिजे तेथें नेतां येतो. जमीन मात्र कोठेंच नेतां येत नाहीं. जेथें काम अधिक व जागा थोडी, तेथें भाडें चढतें, आणि त्या भाड्याचा अंश खानावळीच्या ताटांत व न्हाव्याच्या मजुरींतहि उतरतो. सरकारी भत्त्यांचें कोष्टक हेंच सांगतें. केंद्र सरकारच्या नोकरांस महागाईभत्ता देशभर एकाच दरानें मिळतो. परंतु घरभाडेभत्त्यासाठीं शहरांचे एक्स, वाय व झेड असे तीन वर्ग आहेत. मुंबई व पुणें पहिल्या वर्गांत, नागपूर दुसऱ्यांत, आपलें वर्धा तिसऱ्यांत. २०१७ सालीं हे दर मूळ पगाराच्या शेंकडा २४, १६ व ८ असे ठरले. महागाईभत्ता शेंकडा ५० वर पोंचल्यामुळें जानेवारी २०२४ पासून ते ३०, २० व १० झाले. म्हणजे ३०,००० रुपये मूळ पगारावर वर्ध्यास ३,००० रुपये, तर मुंबईस ९,०००. शहरांतील भेद मुख्यतः छपराचा आहे, हें सरकारनेंच अशा रीतीनें मान्य केलें आहे.

महागड्या शहरांच्या ज्या याद्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांविषयीं दोन शब्द. मर्सर या संस्थेच्या २०२४ च्या यादींत हाँगकाँग पहिलें व सिंगापूर दुसरें होतें. भारतांतील शहरांत मुंबई सर्वांत महाग ठरली. पण ही यादी कंपन्यांनीं दूरदेशीं धाडलेल्या अधिकाऱ्यांच्या राहणीवरून केलेली असते. सिंगापुरांत मोटार घेण्यापूर्वीं दहा वर्षांचा परवाना लिलावांत घ्यावा लागतो. २०२३ सालीं लहान मोटारीच्या परवान्याचीच किंमत एक लाख सिंगापूर डॉलरांच्या वर गेली होती. जो तरुण आगगाडीनें फिरतो व सार्वजनिक खाद्यकेंद्रांत जेवतो, त्याच्या खिशास या लिलावाची झळ लागत नाहीं. तेव्हां शहर कितवें आहे यापेक्षां आपण तेथें कसे राहणार, हा प्रश्न महत्त्वाचा.

लंडनची गोष्ट घ्या. ब्रिटिश सरकारनें २०२५ च्या आरंभीं परदेशी विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठीं लंडनमध्यें दरमहा १,४८३ पौंड व लंडनबाहेर १,१३६ पौंड, जास्तींत जास्त नऊ महिन्यांचे, दाखविले पाहिजेत असें ठरविलें. नऊ महिन्यांचे लंडनचे १३,३४७ पौंड होतात, व फी याहून निराळी. त्याच वर्षाअखेर हे आंकडे आणखी वाढले. लंडन व इतर गांव यांतील हा फरक शेंकडा तीसचा आहे. विद्यापीठ निवडतांना तो आधींच पाहावा.

याच लंडनमध्यें १८८८ सालीं गेलेल्या एका विद्यार्थ्याचा हिशेब आपणां वर्धेकरांस ठाऊक असावा. १९३६ पासून ज्यांनीं सेवाग्रामास वस्ती केली, ते महात्मा गांधी प्रत्येक फार्दिंग वहींत टिपीत आणि रात्रीं निजण्यापूर्वीं शिल्लक जुळवीत. पैसे भावाच्या कष्टाचे आहेत, ही जाणीव त्यांस होती. वही पाहतां गाडीभाड्यावर बराच पैसा जातो असें दिसलें. तेव्हां कुटुंबांतील राहणें सोडून, कामाच्या ठिकाणीं अर्ध्या तासांत पायीं पोंचतां येईल अशा खोल्या त्यांनीं घेतल्या. रोज आठ-दहा मैल चालणें होऊं लागलें. पुढें दोन खोल्यांची एक केली, शेगडी घेतली, सकाळचें अन्न स्वतः शिजविलें, आणि दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांत निर्वाह चालविला. आत्मकथेंत हें सारें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. त्यांची ओटची पेज सर्वांनीं खावी असें माझें म्हणणें नाहीं. परंतु जागा, अंतर आणि चूल, या तीन ठिकाणींच काटकसर फळास येते, हें आजहि खरें आहे. वर्तमानपत्राचे पेन्स वांचवून फारसें कांहीं हातीं लागत नाहीं.

मात्र भाडें आणि अंतर हीं एकत्रच तोलावीं. मुंबईस जाणाऱ्या आपल्या मुलांस बदलापूर किंवा विरार येथें खोली स्वस्त पडते; पण लोकलचा पास, रोजचे तीन-चार तास व थकवा हेंहि त्या भाड्यांतच धरलें पाहिजे. शिवाय पहिल्या महिन्यांत अनामत रक्कम, दलालाची दलाली व भांडींकुंडीं हा खर्च एकदम येतो; तो पगार हातीं पडण्यापूर्वींच करावा लागतो. भाड्याचा करार लेखी व नोंदविलेला असावा; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणें नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत परत मिळण्याच्या वेळीं हाच कागद उपयोगी पडतो.

म्हणून पालकहो, मुलास पगार किती, एवढें विचारून थांबूं नका. खोली कोठें, कामापासून किती दूर, स्वयंपाकाची सोय आहे काय, आणि पहिले दोन महिने कशावर काढणार, हें विचारा. या चार उत्तरांनंतर जी शिल्लक उरेल, तिच्याच बळावर घरचा बेत करा. ती थोडी निघाली तर जाऊं नये, असें नाहीं. विद्या व अनुभव यांचें मोल वहींत मावत नाहीं. पण शेत गहाण टाकण्यापूर्वीं वजाबाकी पुरी झालेली असावी, एवढेंच माझें सांगणें आहे.