जुन्या वास्तूंचे वैद्यक

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांतून महानगरपालिकेच्या नोटिसा फिरू लागतात. वाडा धोकादायक झाला आहे, तो दुरुस्त करा अथवा रिकामा करा. नोटीस हाती पडलेल्या मालकाला आणि भाडेकरूला दोनच वाटा ठाऊक असतात : वाडा पाडणे, नाही तर सिमेंटचा गिलावा चढवून आणखी चार पावसाळे काढणे. तिसरी वाट आहे आणि तिचे आता रीतसर शास्त्र झाले आहे, हे श्रोत्यांपुढे मांडावे, एवढाच आमचा हेतू.

ऐतिहासिक वास्तूंचे जतन हा आज पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. वास्तुशास्त्राची पाच वर्षांची पदवी घ्यावी आणि पुढे दोन वर्षे केवळ जुन्या इमारतींचा अभ्यास करावा, अशी त्याची सर्वसाधारण घडी. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये व अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात हे शिक्षण मिळते. आपल्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ते या विषयाचे सख्खे भावंड म्हणावे. पुरातत्त्व मुख्यतः जमिनीखाली गेलेले उकलते, तर हे शास्त्र जमिनीवर उभे असलेले सांभाळते.

कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. राहायला घर नाही, तिथे जुन्या भिंतींचे कौतुक कसले? प्रश्न रास्त आहे. पण इंग्लंडात १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी पहिली मोठी संस्था काढली ती विल्यम मॉरिसने, आणि हा मॉरिस पुढे कट्टर समाजवादी म्हणून गाजला. जुनी भिंत म्हणजे कारागिराच्या श्रमाचा दस्तऐवज आहे, आणि तो खोडून त्यावर खोटे अक्षर गिरवू नये, असे त्याचे म्हणणे. १९६४ साली व्हेनिस येथे जगातल्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिचाही आशय असाच आहे : जेथे अनुमान सुरू होते, तेथे पुनर्बांधणी थांबावी, आणि नवा तुकडा जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये.

हे तत्त्व शनिवारवाड्याला लावून पाहा. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. तट, दरवाजे व जोती राहिली. तो होता तसा उभारावा, असे पुष्कळांना मनापासून वाटते. पण खांब किती, सज्जे कसे, याचे भरवशाचे नकाशे कुठे आहेत? उभे राहील ते आपल्या कल्पनेचे घर, पेशव्यांचे नव्हे.

विद्यार्थी पहिल्याने शिकतो ते मोजणे. प्रत्येक खण, प्रत्येक तुळई, प्रत्येक तडा कागदावर उतरवायचा. मग निदान. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही, तसेच येथे आहे : भिंत ओली दिसते, पण पाणी वरून कौलांतून येते, की खालून जमिनीतून चढते? दोहोंचे उपाय निराळे.

चुन्याची गोष्ट समजली म्हणजे निम्मे शास्त्र समजले. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा आणि भिंतीत घालायचा. तेथे तो हवेतला कार्बन डायॉक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. असा चुना भिंतीला श्वास घेऊ देतो; आत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलावा आत कोंडतो, क्षार विटांच्या तोंडाशी साचतात, विटा सोलवटून निघतात आणि भिंतीत घुसलेली सागवानी तुळयांची टोके कुजू लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून पोखरलेली. म्हणजे वाडा म्हातारपणाने पडतो असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो औषधाने पडतो.

उपचार नीट झाला तर काय होते, त्याचे उदाहरण विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली तो बांधला. १८२१ साली येथेच हिंदू कॉलेज निघाले. त्याच रोपट्याचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८७९ च्या आगीत वाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, तो लोकवर्गणीतून व नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभारला गेला. लोकांनी पैसा दिला म्हणून वास्तू राहिली, हे ध्यानात ठेवावे.

आता उलट उदाहरण. १८४८ साली सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यात काढली, तो वर्षानुवर्षे जीर्ण होत गेला. जागेचा वाद न्यायालयात चालत राहिला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती पडकी वास्तू पाडावी लागली. स्मारक अवश्य व्हावे. पण ज्या उंबरठ्यावरून त्या मुली आत गेल्या, तो उंबरठा कोणत्याही स्मारकाला परत आणता येणार नाही.

कायदा आहे, पण त्याचा हात साऱ्या घरांपर्यंत पोहोचत नाही. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके रक्षिली जातात. २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य झाले. पेठेतला साधा वाडा त्यात बसत नाही. तेथे १९४७ च्या भाडेनियंत्रणाने गोठलेले भाडे, आणि १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही तेच जुने भांडण : एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे मालक म्हणतो, बाहेर पडलो तर परत पाऊल टाकू देतील का, अशी भाडेकरूला धास्ती. जतनाच्या अभ्यासक्रमात चुन्याइतकाच हा प्रश्न शिकवला पाहिजे. माणसे हुसकून राखलेला वाडा हे नुसते टरफल होय.

आणि शेवटी गवंड्याचा प्रश्न. पदवीधर निदान करील, नकाशा काढील. पण चुना मळणारा, कडीपाट बसवणारा, दगडाला टाकी लावणारा हात कोठून येणार? ही विद्या बापाकडून मुलाकडे चालत आली. सिमेंट आले, काम आटले आणि मुले दुसऱ्या धंद्याला लागली. ज्या जुन्या कारागिरांस ती येते, त्यांच्याजवळ कागद नाही; म्हणून मजुरी ठरते ती साध्या रोजंदारीची. आमचे मागणे सरळ आहे. जेथे हा अभ्यास चालतो, तेथे गवंडी, सुतार व पाथरवट यांस मानधन देऊन शिक्षक म्हणून बसवावे. त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. आणि सरकारी दुरुस्तीच्या ठेक्यात अशा कारागिराचा दर निराळा धरावा. चुन्याने हात भाजतात, डोळे जातात. हातमोजे व चष्मा ही त्यांस भीक नव्हे, हत्यारांइतकीच कामाची गरज आहे.

श्रोत्यांनीही काही करण्यासारखे आहे. ज्याच्या घराला नोटीस येईल, त्याने पहारीला हात घालण्याआधी या शास्त्राच्या जाणकाराला एकदा घर दाखवावे. काही घरे खरोखरच पाडावी लागतील. तेथे माणसाचा जीव आधी. पण जे बरे होण्यासारखे आहे, त्याला निदान न करताच मृत्यूचा दाखला देऊ नये.