डफाच्या तालावर घडलेली गुप्त संस्था

१९०९च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकरांपुढे पुरावा म्हणून कविता होत्या. 'लघु अभिनव भारत माला' या नावाने त्या छापल्याबद्दल नाशिकच्या गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांना जूनमध्ये जन्मठेप झाली होती, त्या शिक्षेवरचं हे अपील. हिंदूंच्या देवांची आणि शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावं पुढे करून कवी चालू सरकारविरुद्ध युद्धाचा उपदेश करतो आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला. शिक्षा कायम राहिली आणि बाबाराव अंदमानला गेले.

'अभिनव भारत' या गुप्त संस्थेची ओळख आपल्याला पिस्तुलं, शपथा आणि खटले यांतून होते. पण तिचं मूळ शोधत गेलं, की आपण पोचतो ते नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत, एका कवीच्या बिऱ्हाडात.

न्यायालयापुढच्या त्या कविता याच कवीच्या. त्यांचं नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. लोक त्यांना आबा म्हणत. जन्म १८७४चा. लहानपणीच पायांतली शक्ती गेलेली, त्यामुळे घर हेच त्यांचं जग. लावणी रचण्यात मात्र त्यांचा हात बसलेला होता. शब्द कुठे तोडायचा, ध्रुपद कुठे उचलायचं, ऐकणाऱ्याची मान कुठे डोलते, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. सावरकर बंधू याच गल्लीत राहायला आले आणि आबांच्या रचनेने विषय बदलला. शृंगार मागे पडला, पारतंत्र्याची चीड पुढे आली. लय मात्र तीच राहिली, लोकांच्या कानांत आधीपासून मुरलेली.

१८९९चं साल नाशिकला जड गेलं होतं. चापेकर बंधूंच्या फाशीने तरुण अस्वस्थ होते आणि प्लेगने घरंच्या घरं ओस पडत होती. सावरकरांचे वडीलही त्याच साथीत गेले. नोव्हेंबरअखेर बाबारावांच्या धाकट्या भावाने, सोळा वर्षांच्या विनायकाने, म्हसकर आणि पागे या दोन सोबत्यांसह 'राष्ट्रभक्तसमूह' स्थापन केला. तो गुप्त होता. १ जानेवारी १९०० रोजी त्याची उघड शाखा निघाली आणि तिचं नाव ठेवलं 'मित्रमेळा'.

यातला 'मेळा' हा शब्द आज सहज नजरेआड होतो. १८९३पासून सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवात मेळे हे मोठं आकर्षण होतं. सारख्या पोशाखातली मुलं ओळीने उभी राहून पद्यं म्हणत. त्यासाठी आधी कित्येक दिवस तालीम चाले. पाठांतर पक्कं लागे, एकाने टाकलेली ओळ सगळ्यांनी एका दमात झेलावी लागे, आणि आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळावा लागे. मित्रमेळ्याची मुलं असेच पोवाडे गात. विनायकरावांनी सिंहगडाचा आणि बाजी देशपांड्यांचा पोवाडा रचला, आबांनी अफझलखानाच्या वधाचा. गोष्ट सतराव्या शतकातली, पण समोर बसलेल्याला आजचा खान कोण ते सांगावं लागत नसे.

त्यामुळे गाण्याला मी या संस्थेचा नुसता मुखवटा मानत नाही. पाठांतर, शिस्त, एकमेकांवरचा भरवसा आणि उघड बोलता येत नाही ते सूचित करण्याची कला, गुप्त संस्थेला जे जे लागतं ते ते या मुलांना आधी तालमीने शिकवलं. शपथ त्यानंतरची. १९०४मध्ये मेळ्याचं 'अभिनव भारत' झालं. त्यामागे इटलीच्या जोसेफ मॅझिनीच्या 'तरुण इटली'ची प्रेरणा होती. पण मॅझिनी वाचण्याआधी या मुलांनी डफ ऐकलेला होता.

या इतिहासाचे धागे आमच्या वसईच्या आसपासही येतात. विनायकरावांचे सासरे चिपळूणकर हे जव्हार संस्थानचे दिवाण. जावयाच्या कॉलेजच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. ते जव्हार आज आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे.

दुसरा धागा मात्र काळीज पिळवटणारा आहे. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बाबारावांचा खटला वरच्या कोर्टात पाठवणारे कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी तो ठेवला होता. जॅक्सन संस्कृत-मराठीचे जाणकार होते. अनंत कान्हेरे या तरुणाने तिथेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोवाड्यातून उठलेली ही चळवळ एका नाटकाच्या दारात रक्ताने थांबली. आपल्या भाषेवर प्रेम करणारा एक माणूस तिथे पडला, आणि त्यापायी तीन तरुण फासावर गेले. या दोन्ही गोष्टींचं दुःख मला एकदम वाटतं, आणि एकासाठी दुसरं मला कमी करता येत नाही.

कान्हेरे आणि कटातले त्याचे सोबती कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला. १७३७मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि वसईच्या मोहिमेला तोंड फुटलं. दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. अशाच विजयांचे पोवाडे ऐकत मराठी मुलं वाढली, आणि त्यांतली तिघं त्याच मोहिमेच्या पहिल्या किल्ल्यात गेली.

सरकारने आबांच्या कवितांवर आणि सिंहगडाच्या पोवाड्यावर बंदी घातली. पुस्तकं जप्त करता आली, पण पाठ झालेल्या ओळी जप्त करणं कोणाच्या हातात नव्हतं. १९२६मध्ये आबा गेले. स्वातंत्र्यानंतर, १९५२च्या मे महिन्यात, पुण्यात समारंभ करून विनायकरावांनी 'अभिनव भारत' विसर्जित केली. कार्य झालं होतं, संस्थेची गरज उरली नव्हती.

आबांची कविता मात्र विसर्जित झाली नाही. मृत्यूकडे नवं शरीर आणि नवे पंख मागणाऱ्या त्यांच्या एका रचनेतूनच पु. ल. देशपांड्यांनी आपल्या नाटकाचं नाव घेतलं, 'सुंदर मी होणार'. नाटक पाहणाऱ्या कितीजणांना हे शब्द कोणाचे ते माहीत असेल? ते उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू न शकणाऱ्या एका शाहिराचे आहेत. आपल्या खोलीत बसून त्याने नाशिकच्या मुलांना एका सुरात गायला लावलं, आणि त्या सुराची दखल साम्राज्याच्या न्यायालयाला घ्यावी लागली.