सायंवर्गाची हजेरी : उतारा कागदावर वाढत नाही



गळीत हंगाम सुरू झाला की फडात कोयते येतात आणि कोयत्यांबरोबर त्यांची पोरेही येतात. दिवाळीनंतर गाव सोडलेले मूल गुढीपाडव्याच्या आगेमागे घरी परतते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा ठरवली आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास दिवस फडातच सरतात.

आपल्या जालना जिल्ह्याला हा प्रश्न दोन्ही अंगांनी भिडतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा अंबड-घनसावंगीचा ऊस तोडायला बाहेरच्या टोळ्या येतात. त्याच वेळी मंठा-परतूरकडची कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हणजे एकाच हंगामात आपण यजमानही असतो आणि पाहुणेही.

यावर तीन वाटा निघाल्या. मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृह. कारखान्याच्या आवारात साखरशाळा. आणि दिवसा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी टोळीच्या तळावर सायंकाळचा अभ्यासवर्ग. तिन्ही बहुधा अनुदानावर चालतात, आणि अनुदान देणारा आधी हजेरी विचारतो. पैसा किती मुलांपर्यंत पोहोचला, हे त्याला दुसरे कशावरून कळणार?

येथेच गफलत होते. पट म्हणजे नाव घातलेली मुले आणि हजेरी म्हणजे प्रत्यक्ष बसलेली मुले. आपल्या भाषेत सांगायचे तर पट हे उसाचे वजन आणि हजेरी हा साखरेचा उतारा. वजन कितीही भरले तरी उतारा नसेल तर साखर निघत नाही. आणि उतारा प्रयोगशाळेच्या वहीत वाढत नाही, तो फडातच वाढवावा लागतो.

हिशेब करून पाहू. समजा, पटावर 40 मुले आहेत आणि महिन्यात 25 दिवस वर्ग भरला. पूर्ण हजेरी 1000 झाली असती. प्रत्यक्ष 680 भरली, म्हणजे 68 टक्के. करारात 75 टक्के मागितले असतील तर आपण कमी पडलो. आता राहिलेल्या 320 गैरहजेऱ्या कोठे गेल्या ते बघा. एक टोळी दुसऱ्या गटात हलली, तिची 8 मुले शेवटचे 10 दिवस नव्हती : 80. पाच मुली धाकटे भावंड सांभाळायला थांबल्या, प्रत्येकी 16 दिवस : 80. बाकीच्या 160 आजार, बाजारचा दिवस, रात्रीची गाडी भरणे, अशा किरकोळ कारणांच्या.

हललेली 8 मुले नव्या ठिकाणी दाखल करून, अनुदान देणाऱ्याला कळवून, येथल्या पटावरून वेळेत काढली तर पूर्ण हजेरी 920 धरली जाईल. त्यातले 680 म्हणजे जवळपास 74 टक्के. तळावर संध्याकाळी दोन तास बाळे सांभाळणारी एक बाई नेमली आणि त्या मुलींचे निम्मे दिवस वाचले, तर 920 पैकी 720, म्हणजे 78 टक्के. पोरांना कोणी दटावले नाही, वहीत खाडाखोड झाली नाही.

सोपी वाट म्हणून हजेरी खोटी भरली तर? तपासणीत सापडले की अनुदान जाते, हे झाले एक. पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ज्या मुलाची हजेरी मांडलेली आहे, त्याला शोधायला कोणीच जात नाही. मूल फडात मोळी बांधते आणि वहीत ते धडा वाचत असते.

मुले हलली म्हणून प्रवेश अडत नाही. दुसऱ्या शाळेत जायचा हक्क कायद्याने दिला आहे. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही. गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घेतले तर नव्या गुरुजींना मूल कोणत्या इयत्तेत, कोठवर शिकले ते समजते.

यात सभासदाने काय करायचे? पहिले, तोडणीची चिठ्ठी आली की मुकादमाला कोयते किती ते विचारतोच, त्याच दमात पोरे किती तेही विचारावे आणि जवळच्या गुरुजींना कळवावे. दुसरे, वर्गाला ओसरी, शेड किंवा एका दिव्यापुरती वीज द्यावी. तिसरे, गाडी भरायला लहान हात लावू देऊ नयेत. फड आपला आहे, आपण म्हटले तर मुकादम ऐकतो. चौथे, टोळी हलण्याची तारीख चिटबॉयला आधी ठाऊक असते. ती गुरुजींपर्यंत पोहोचेल असे पाहावे.

मंठ्याचे पोर आज कोल्हापूरकडे कोणाच्या तरी बांधावर आहे. तेथल्या शेतकऱ्याने त्याची चौकशी करावी असे आपल्याला वाटते. आपल्या बांधावरच्या पोराची चौकशी या हंगामात आपण करावी, ही विनंती.