मल्टीस्केल गिटार: तिरपे पडदे नुसते दिसायला, की कामाचे? पैसे मोजण्याआधी एवढं समजून घ्या

पांढुर्णा/सौंसर : गणपती, दुर्गोत्सव आले की आपल्याकडच्या पोरांना गिटारचे वेध लागतात. आता मोबाइलवर एक वेगळीच गिटार दिसते. तिचे पडदे सरळ नसून हातपंख्याच्या काड्यांसारखे तिरपे पसरलेले असतात. पोरगं म्हणतं, हीच पाहिजे. घरच्यांना वाटतं, माल वाकडा आला तर? माल वाकडा नसतो, पण ती गिटार तुमच्या पोराच्या कामाची आहे का, हा प्रश्न मात्र खरा आहे.

स्केल म्हणजे काय?
गिटारच्या मानेच्या टोकाला नट असतो आणि खाली ब्रिज. या दोघांमधली तारेची वाजणारी लांबी म्हणजे स्केल. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ती साडेपंचवीस इंच असते आणि सगळ्या तारांना सारखीच. मल्टीस्केलमध्ये प्रत्येक तारेची लांबी वेगळी असते. सात तारांच्या गिटारमध्ये साधारणपणे बारीक तार 25.5 इंच आणि सगळ्यात जाड तार 27 इंच, असं माप दिसतं.

यात नवल काही नाही. स्वरमंडळ किंवा संतूर पाहा, खालच्या सुराची तार लांब आणि वरच्या सुराची आखूड असते. गिटारमध्ये ही रचना अमेरिकेतले कारागीर राल्फ नोव्हाक यांनी पुढे आणली आणि 1989 मध्ये तिचं पेटंट मिळवलं.

पडदे तिरपे का?
सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात, म्हणून हिशेब आधीच पक्का लागतो. कॉमर्सवाल्यांना हा हिशेब लगेच कळेल, कारण तो घटत्या शिलकीवरच्या घसाऱ्यासारखा आहे. प्रत्येक पडद्याला उरलेल्या लांबीतून सुमारे 5.61 टक्के वजा होतात आणि बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी उरते.

25.5 इंचाच्या तारेवर पहिला पडदा नटपासून 1.43 इंचावर येतो, तर 27 इंचाच्या तारेवर 1.52 इंचावर. दोन्ही खुणा जोडल्या की पडदा आपोआप तिरपा होतो. एकच पडदा सरळ ठेवतात, बहुतेक सातवा किंवा बारावा. सातवा सरळ असेल तर नट अर्धा इंच तिरपा होतो आणि ब्रिज एक इंच. बारावा असेल तर दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच. म्हणून नवशिक्याला सातवा बरा पडतो, कारण सुरुवातीचे कॉर्ड नटजवळच धरायचे असतात.

फायदा कोणाला?
साध्या गिटारची जाड तार 82 हर्ट्झला लागते, सात तारांवालीची सगळ्यात खालची सुमारे 62 हर्ट्झला. आखूड लांबीवर इतका खालचा सूर लावला की तार ढिली पडते आणि भणभणते. तीच तार त्याच सुरात 25.5 ऐवजी 27 इंचावर लावली तर ताण सुमारे 12 टक्के वाढतो आणि आवाज मोकळा, स्पष्ट येतो. मेटल वाजवणाऱ्याला हे लागतंच. हिंदी-मराठी गाणी, भजन किंवा लग्नाचा ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्याला सहा तारांची साधी गिटार पुरते.

माहितीपत्रकात काय पाहाल?
* सॉलिड बॉडी म्हणजे आतून भरीव लाकूड. पोटात पोकळी नसते, त्यामुळे अँप्लिफायरशिवाय आवाज जेमतेम येतो. त्याचा खर्च वेगळा धरा.
* पिकअप म्हणजे तारेखालचं चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. त्यासाठी तारा लोखंडी किंवा निकेलच्याच लागतात, नायलॉनच्या चालत नाहीत. तिरपा पिकअप बिघडला तर जोडीचा सहज मिळत नाही.
* ब्रिज बऱ्याचदा प्रत्येक तारेचा सुटा असतो. बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा शोधावा लागतो.
* तारांचा संच सात तारांचाच घ्या आणि जाड तार 27 इंचाला पुरते का, ते विचारा.
* डावखुऱ्यांनी डावखुरीच मागवावी. साध्या गिटारसारख्या तारा उलट्या लावून भागत नाही, पडद्यांचा तिरपेपणाच उलटा पडतो.

आणखी एक गोष्ट. पेटी उघडल्यावर गिटार एकदा सेट करावीच लागते. तारांची उंची, मानेचा बाक आणि सूर, तिन्ही जुळवावे लागतात. आपल्याकडून त्यासाठी बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं. म्हणून जमलं तर नागपुरातच दुकानात बसून दहा मिनिटं पहिल्या पडद्यावर कॉर्ड धरून पाहा. हात बसला आणि खालचा सूर खरंच वाजवायचा असेल, तर तिरपी घ्या. नाही तर सरळ पडद्यांची घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला अँप्लिफायर येईल.